रनवेच्या कडेला दर पावसाळ्यानंतर त्याच जागी भेगा आणि खड्डे? डांबराच्या आधी पाण्याचं बघा

मराठवाडा, विदर्भ, खानदेशात काळ्या मातीवरच्या छोट्या एअरस्ट्रिपचा मेंटेनन्स ज्यांनी केलाय त्यांना हे चक्र तोंडपाठ असेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये निधी खर्ची टाकायचा म्हणून भेगा भरल्या, खड्डे बुजवले, वरून एक पातळ थर मारला, मे महिन्यात रनवे एकदम नवा कोरा दिसतो. मग मृग लागतो, चार-दोन दणकून पाऊस होतात, आणि ऑक्टोबरात जाऊन बघावं तर कडेपासून मीटर-दीड मीटर आत, अगदी मागच्या वर्षीच्याच जागी, लांबच लांब उभी भेग परत उघडलेली, तिच्यात बोट जातंय, मध्ये मध्ये खडी सुटून पडलीय, आणि डबकं साचायची जी नेहमीची जागा आहे तिथे पृष्ठभाग कुजल्यासारखा झालाय. मग ठेकेदाराला पत्र, डांबरात गडबड केली म्हणून तक्रार, आणि पुढच्या मार्चला परत तेच काम त्याच जागी.

मला कळकळीने सांगायचंय ते हे की असल्या बहुतेक ठिकाणी दोष डांबराचा नसतोच, पाण्याचा असतो, आणि जोपर्यंत पाणी बाहेर काढलं जात नाही तोपर्यंत वर कितीही भारी मिक्स टाका, व्हीजी-४० (कडक ग्रेडचं डांबर) टाका नाहीतर पॉलिमरवालं बिटुमेन टाका, भेग परत येणार.

आधी वजनाचा हिशोब करा म्हणजे पटेल. धुळे, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी ट्रेनिंगची विमानं दिवसभर सर्किट मारतात, त्यातलं सेसना १७२ म्हणजे भरून साधारण ११०० किलो, आपल्या बोलेरोपेक्षा हलकं. एवढ्या वजनाने २०० मिमी बेस (डांबराखालचा दाबलेल्या खडीचा थर) असलेला पेव्हमेंट फाटत नाही. एटीआर ७२ येत असेल तर गोष्ट वेगळी, ते २३ टनांच्या आसपास आहे, पण तेही सेंटरलाईनवर चालतं, कडेला नाही. कडेवर जातो तो पाण्याने भरलेला फायर टेंडर आणि गवत कापायचा ट्रॅक्टर. म्हणजे विमान जिथे चालतं तिथे रनवे ठणठणीत आणि विमान जिथे कधीच जात नाही तिथे फाटलेला, ही एकच गोष्ट नीट बघितली तरी कारण लोडचं नाही हे कळतं.

होतं काय, काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. रनवेच्या मधोमध खालची माती झाकलेली असते, तिथला ओलावा वर्षभर जवळजवळ सारखा राहतो. कडेचा मीटर-दोन मीटरचा पट्टा मात्र पावसाळ्यात बाजूने पाणी ओढतो आणि एप्रिल-मेमध्ये बाजूनेच वाळतो. मध्य स्थिर, कड वरखाली, मग दोघांच्या सीमेवर पेव्हमेंट उभा चिरतो. एकदा चिरला की पुढच्या पावसाचं पाणी थेट त्या चिरेतून खाली, माती आणखी मऊ, आणि वरून फायर टेंडर गेला की त्या जागी जाळीदार भेगा आणि खड्डा.

आता तपासणीचं. सगळ्यात महत्त्वाची तपासणी पाऊस चालू असताना करायची असते आणि नेमकी तेव्हाच कुणी साईटवर जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये चांगला अर्धा तास पाऊस झाला की स्ट्रिप इन्चार्जची किंवा टॉवरची परवानगी घेऊन गाडीने हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा, सोबत पिवळ्या पेंटचा डबा आणि स्टीलची पट्टी. पाऊस थांबल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी जिथे जिथे पाणी उभं असेल तिथे कडेने पेंट मारून ठेवा आणि खोली मोजा. ३ मिमीच्या वर असेल तर आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटना) नोव्हेंबर २०२१ पासूनच्या रिपोर्टिंग पद्धतीत ते नुसतं ओलं नाही, साचलेलं पाणी धरलं जातं, आणि ब्रेक मारताना ते खरंच धोक्याचं आहे. त्याच फेरीत कडेकडे नीट बघा. पाणी कडेवरून गवतात उतरतंय की कडेलाच अडून रनवेला समांतर वाहतंय? भेगेतून गढूळ राखाडी पाणी वर येतंय का? पाऊस थांबल्यावर तासाभराने रनवे सगळा वाळला पण भेगेच्या दोन्ही बाजूला ओला पट्टा राहिलाय, असं दिसलं तर समजा खालचा थर पाण्याने भरलाय. शेतकरी ज्याला उपळ फुटली (जमिनीतून पाणी वर आलं) म्हणतात तेच इथे डांबराखाली चाललेलं असतं.

फोटो काढा, पण प्रत्येक फोटोत चेनेज (रनवेच्या टोकापासूनचं अंतर) दिसला पाहिजे. नाहीतर मार्चमध्ये इस्टिमेट करताना कुठली भेग कुठली डबकी काही कळत नाही, सगळं कोरडं ठणठणीत असतं.

भेगांचा आकार पण बोलतो. कडेला समांतर एक-दोन उभ्या भेगा म्हणजे वर सांगितलेला ओल-वाळ प्रकार. पेव्हरच्या (डांबर पसरवायच्या मशीनच्या) लेनप्रमाणे साडेतीन-चार मीटरवर सरळ रेषेत भेगा असतील तर तो बांधकामाच्या जोडाचा दोष, तिथे रोलिंग कमी पडलंय. पूर्ण रनवेवर चौकोन चौकोन पडलेत तर डांबर म्हातारं झालंय, उन्हाने कडक झालंय. आणि मगरीच्या पाठीसारखी बारीक जाळी असेल तर खालचा बेस गेलाय, तिथे वरून काहीही लावलं तरी पैसे वाया. एकाच रनवेवर हे चारही प्रकार सापडतात आणि चारही वेगवेगळे औषध मागतात, सरसकट ५० मिमीचा थर हे एकाचंही औषध नाही.

पुढचं काम लेव्हलचं, आणि इथे मी थोडा वेळ घेणार कारण खरा चोर बऱ्याचदा इथेच सापडतो. नेहमीच्या सर्व्हेत सेंटर आणि दोन कडा एवढेच पॉईंट घेतात. तसं करू नका. दर २० मीटरला क्रॉस सेक्शन घ्या आणि त्यात सेंटर, मधला पॉईंट, कड, कडेच्या बाहेर एक फूट, ३ मीटर, १० मीटर, आणि शेवटी चारीचा तळ एवढे पॉईंट घ्या. मग ऑफिसात बसून दोन गोष्टी बघा. पहिली, आडवा उतार. छोट्या विमानांच्या म्हणजे कोड ए-बीच्या रनवेला २ टक्क्यांपर्यंत, कोड सीला (एटीआरसारख्या विमानांच्या) दीड टक्क्यापर्यंत आणि १ टक्क्याच्या खाली जायचं नाही, असं अनेक्स १४ (आयकाओचे विमानतळांचे नियम) सांगतं. ३० मीटर रुंद रनवेला दीड टक्का म्हणजे सेंटर ते कड २२५ मिमी फॉल हवा. जुन्या स्ट्रिपवर थरावर थर मारून मारून तो १०० मिमीपण राहिलेला नसतो, मग पाणी जाणार कुठे.

दुसरी गोष्ट, कडेच्या बाहेरच्या एक फुटाची लेव्हल. अमेरिकेत एफएएचा (तिथल्या विमान वाहतूक खात्याचा) नियम आहे की गवताची कड पेव्हमेंटपेक्षा दीड इंच खाली पाहिजे. आपल्याकडे बघा, हराळी आणि कुंदा कडेला दाट होतो, धूळ अडते, कापलेलं गवत तिथेच कुजतं, वरून पावसात माती वाहून येऊन बसते, आणि बघता बघता साईडपट्टी रनवेच्या दोन इंच वर जाते. लांबून काही दिसत नाही, हिरवंगार छान वाटतं. गुडघे टेकून कडेला सहा फुटी अल्युमिनियमची पट्टी रनवेवरून गवताकडे धरा, तिचं टोक गवतात रुतलं की समजा तुमच्या रनवेला दोन्ही बाजूंनी मातीचा बांध घातला गेलाय. मराठवाड्यातल्या एका स्ट्रिपवर आम्ही कडेचं गवत फावड्याने खरवडलं तर खाली जुन्या पांढऱ्या एज मार्किंगचा अर्धा पट्टा मातीखाली गाडलेला निघाला, म्हणजे रनवेची रुंदीसुद्धा कमी झाली होती आणि त्या पट्ट्याखालचं डांबर हाताने कुस्करत होतं.

किती पाणी अडतं त्याचा अंदाज घ्या. ३० मीटर बाय १५०० मीटर म्हणजे ४५,००० चौरस मीटर. ५० मिमी पाऊस पडला, जो आपल्याकडे एका संध्याकाळी सहज पडतो, तर साडेबावीस लाख लिटर पाणी फक्त रनवेवर पडतं. त्याला कडेवरून उतरायला जागा नसेल तर ते भेगेतूनच जाणार.

मग खड्डे खणून बघणं. मीटर बाय मीटरचे ट्रायल पिट, कडेला लागून, वाईट जागी आणि चांगल्या जागी दोन्हीकडे. हे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच करा. एप्रिलमध्ये काळी माती दगडासारखी होते, डीसीपी (सळई ठोकून मातीची ताकद मोजायचं साधन) मारला तर इतका भारी रिझल्ट येतो की कन्सल्टंट लिहून देतो सबग्रेड (पेव्हमेंटखालची माती) उत्तम आहे, आणि त्याच मातीचा चार दिवस भिजवून सीबीआर (भार पेलायच्या ताकदीची टेस्ट) केला की २-३ टक्के येतो. डिझाईन कायम भिजवलेल्यावर. पिटमध्ये थरांची जाडी मोजा, जीएसबीची (मातीवरच्या पहिल्या, निचऱ्याच्या खडी-मुरूम थराची) मूठभर खडी हातात घेऊन दाबा, तिचा लाडू वळला आणि हाताला चिखल लागला तर त्यात बारीक माती जास्त आहे, ती पाणी सोडणार नाही. रात्रभर पिट उघडा ठेवून (अर्थात बॅरिकेड लावून आणि रनवे बंदचा नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना निघालेली असेल तरच) सकाळी पाणी साचलं का बघा. कडेच्या आणि सेंटरच्या मातीचा ओलावा मोजून तुलना करा, दोघांत मोठा फरक असेल तर निदान पक्कं.

पिटमध्ये आणखी एक गोष्ट दिसते ती म्हणजे जीएसबीचा थर कडेला कुठे संपतो. तो चारीच्या उतारापर्यंत बाहेर काढलेला असायला हवा. पण बऱ्याच स्ट्रिप नंतर रुंद केलेल्या असतात, आणि रुंदीकरणात काळ्या मातीत बॉक्स खोदून त्यात जीएसबी भरलेली असते, तिन्ही बाजूंनी माती. आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. जुना रनवे आणि रुंदीकरण यांच्या जोडावर जर तुमची उभी भेग असेल तर नव्वद टक्के हेच.

आता दुरुस्ती, आणि क्रम महत्त्वाचा आहे. काम खालून वर करायचं, म्हणजे जिथे पाणी शेवटी जातं तिथून सुरुवात. हद्दीच्या बाहेरचा नाला, कंपाउंड वॉलमधली मोरी, मग चारी, मग साईडपट्टी, मग कडेचं सबड्रेन (जमिनीखालचा निचऱ्याचा पाईप), आणि सगळ्यात शेवटी डांबर. ठेकेदाराला उलटं करायचं असतं कारण डांबराचं बिल मोठं आणि लवकर निघतं, आणि चारी "शिल्लक काम" म्हणून राहते ती राहतेच.

कंपाउंड वॉलकडे खास लक्ष द्या. सुरक्षेसाठी वॉल बांधली तेव्हा जुना ओघळ कुठे होता ते कुणी बघितलेलं नसतं, एखादी ३०० मिमीची मोरी ठेवून मोकळे होतात. तीनशे मीटर लांबीत रनवेची अर्धी रुंदी आणि त्याच्या बाजूची ६० मीटर गवताची पट्टी धरली, तासाला ६० मिमीचा पाऊस धरला, तर साधा रॅशनल पद्धतीचा (क्षेत्र, पाऊस आणि त्यातला वाहून जाणारा वाटा यांचा गुणाकार) हिशोब सेकंदाला १९० लिटरच्या आसपास येतो, आणि हे फक्त तीनशे मीटरचं. सपाट उतारावर ३०० मिमीच्या पाईपला हे झेपत नाही. मोरी मोठी करा, तिला रानडुकरं आणि कुत्री येऊ नयेत म्हणून जाळी लागणारच, पण जाळी उघडता येणारी असू द्या, नाहीतर पहिल्याच पुरात प्लास्टिक आणि तुराट्या अडकून बंद. आणि बाहेरच्या शेतकऱ्याशी आधी बोला. तुमचं सगळं पाणी एका तोंडाने त्याच्या सोयाबीनमध्ये सोडलं तर तो रात्रीतून मातीचा बांध घालणार आणि त्यात त्याची चूक नाही. नाल्यापर्यंत चारी नेऊन देणं हे इस्टिमेटमध्येच धरा.

चारी खोदताना जेसीबीवाल्याला सोडून देऊ नका. रनवेच्या जवळ उभ्या बाजूंची खोल चारी म्हणजे विमान बाहेर गेलं तर त्याचं चाक मोडणार, नाक आपटणार. रनवे स्ट्रिपच्या, म्हणजे रनवेभोवती मोकळा ठेवायच्या पट्ट्याच्या आत फक्त उथळ, पसरट, गवताची चारी, जिच्यावरून ट्रॅक्टर सहज जाईल अशी, आणि खोल चारी त्या पट्ट्याच्या हद्दीबाहेर. निघालेली माती काठावर टाकू नका, तिचाच नवीन बांध होतो. चारीत पाणी साचून राहिलं तर बगळे आणि टिटव्या जमतात, तो वेगळाच धोका.

साईडपट्टी ग्रेडरने तासून कडेला दीड इंच खाली घ्या. पहिल्या ३ मीटरला उतार जास्त देता येतो, ५ टक्क्यांपर्यंत चालतो, तिथून पुढे अडीच-तीन टक्के. तासल्यावर उघडी पडलेली काळी माती तशीच सोडू नका, पहिल्या तीन मीटरला चांगला मुरूम दाबून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात ओघळी पडतील. खोदकामाआधी एज लाईटच्या केबलचा नकाशा हातात घ्या, नसेल तर केबल डिटेक्टर फिरवा, कारण या केबल बरोब्बर कडेलाच असतात.

जीएसबी बॉक्समध्ये अडकली असेल तर नुसती साईडपट्टी तासून भागत नाही, कडेचं सबड्रेन लागतं. जीएसबीच्या तळापेक्षा खाली चर, त्यात जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड), १०० किंवा १५० मिमीचा सच्छिद्र पाईप, भोवती धुतलेली स्वच्छ खडी, वरून कापड गुंडाळून घ्यायचं. शिरोळ, वाळवा भागातले ऊसवाले उपळट जमिनीत सच्छिद्र पाईप टाकून निचरा करतात, तत्त्व तेच आहे. पण काळ्या मातीत दोन पथ्यं पाळाच. एक, चराचं तोंड वरून घट्ट मातीने किंवा डांबराने बंद करा, वरचं पाणी त्यात शिरता कामा नये, नाहीतर तुम्हीच सबग्रेडला पाणी पाजताय. दोन, दर ५०-६० मीटरला आउटलेट, आणि त्याला काँक्रीटचं तोंड आणि उंदीर-घुशींसाठी जाळी. आउटलेट नसलेलं सबड्रेन हे ड्रेन नसून पाण्याची टाकी आहे, ते न केलेलं बरं. टेक्सासमध्ये फुगणाऱ्या चिकणमातीवर कडेला खोलवर उभा प्लास्टिकचा पडदा गाडून ओलावा आत-बाहेर जाणं अडवतात, उपाय चांगला आहे, पण आपल्या छोट्या स्ट्रिपच्या बजेटमध्ये आधी तासणी आणि सबड्रेन बसवा.

हे सगळं झालं की एक पावसाळा जाऊ देता आला तर फार उत्तम. माती स्थिर होते आणि कुठली भेग जिवंत आहे कुठली मेली ते कळतं. तोपर्यंत भेगा उघड्या ठेवायच्या नाहीत, ६ मिमीच्या वरच्या भेगा राउटरने कापून, कॉम्प्रेसरच्या हवेने पूर्ण साफ आणि कोरड्या करून गरम सीलंट भरायचं. झाडूने झाडून किटलीने इमल्शन ओतणे हे क्रॅक सीलिंग नाही, ते पहिल्या उन्हाळ्यात सुटतं. सीलंट पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवा. खड्डे चौकोनी कापून, उभ्या कडा करून, टॅक कोट (चिकटण्यासाठी डांबराचा पातळ हात) मारून, थर थर दाबून भरा आणि जोडाला वरून सील करा. सुटलेली खडी प्रॉपेलरला लागली तर काय होतं ते सांगायची गरज नाही, म्हणून काम संपल्यावर हातझाडू घेऊन माणसं चालत फिरलीच पाहिजेत.

जाळीदार भेगांचा भाग खालपर्यंत उकरूनच काढा. तिथे काळी माती ६०० मिमी तरी काढून न फुगणारी माती भरा, नवी जीएसबी सबड्रेनला जोडा, मग वर डब्ल्यूएमएम (पाणी घालून मिसळलेल्या खडीचा दाबलेला थर) आणि डांबर. बाकीच्या रनवेवर आधी मिलिंग (जुना थर मशीनने खरवडणं), मग कॅम्बर म्हणजे आडवा उतार सुधारण्यासाठी प्रोफाईल करेक्शन, मग वरचा थर. जिवंत भेगेवर थेट ओव्हरले (वरून नवा थर) टाकलं तर ती भेग वर येणारच, वर्षाला इंचभर वर सरकते असा साईटवरचा ठोकताळा आहे आणि तो बऱ्यापैकी खरा ठरतो. नवीन थरावर ३ मीटरची स्ट्रेट एज फिरवा, खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. आणि विसरू नका की ५० मिमी ओव्हरले टाकलं की कड ५० मिमीने उंच झाली, म्हणजे साईडपट्टी आणि एज लाईटची लेव्हल परत जुळवावी लागणार, हे आयटम बीओक्यूमध्ये (टेंडरमधल्या कामांच्या यादीत) नसतील तर कडेला पायरी तयार होते. पेव्हमेंटची ताकद पण नव्याने काढायची, २८ नोव्हेंबर २०२४ पासून पेव्हमेंटची ताकद सांगायचा जुना आकडा पीसीएन जाऊन पीसीआर आलंय, आणि सबग्रेडचा मॉड्युलस (मातीचा कडकपणा) ६० एमपीएच्या खाली असेल, जो काळ्या मातीत बहुधा असतोच, तर तुमची सबग्रेड डी, म्हणजे सगळ्यात कमकुवत वर्गात जाते.

टेंडर लिहिणाऱ्यांना विनंती, डांबराचं बिल निघण्याआधी ड्रेनेजची टेस्ट झालीच पाहिजे अशी अट घाला. टेस्ट साधी आहे. पाण्याचा एक टँकर सबड्रेनच्या वरच्या चेंबरमध्ये सोडायचा आणि खालच्या आउटलेटला उभं राहून बघायचं पाणी येतंय का, किती वेळात येतंय, गढूळ येतंय की स्वच्छ. दुसरा टँकर क्राऊनवर (रनवेच्या मधल्या उंच रेषेवर) मोकळा सोडायचा आणि पाणी कडेवरून न थांबता उतरतंय का बघायचं. दोन्हीचा व्हिडिओ चेनेजसकट एमबीसोबत (मोजमाप पुस्तकासोबत) ठेवायचा.

आणि हस्तांतर झाल्यावर प्रत्येक आउटलेटजवळ पांढरा रंग मारलेली जमिनीलगतची काँक्रीटची खूण करून घ्या, उंच दगड नको. गवत वाढलं की आउटलेट सापडत नाहीत, ट्रॅक्टरचं ब्लेड पाईपच्या तोंडावर बसतं आणि पाईप चेपतो. मे अखेरीस खुणेवरून एकेक आउटलेट मोकळा करायचा, गाळ काढायचा, कडेची पट्टी परत एकदा धरून बघायची, आणि कुठे गवत वर आलं असेल तर मृगाच्या आधी तेवढाच पट्टा खरवडून घ्यायचा. दोन माणसं आणि फावडी एवढंच लागतं त्याला.